अर्धं शटर

परवा रात्री पावणेबाराला टीममधल्या एका मुलाचा मेसेज आला. "ताई, ती इंपोर्टवाली प्रोसेस अडकलीय. नाइन मारू का?"

मी विचारलं, "पंधरा दिलास?"

"दिला. काही होत नाहीये."

"देऊन किती वेळ झाला?"

उत्तर यायला जरा वेळ लागला. "पाच-सहा सेकंद."

मी त्याला म्हटलं, लॉग उघडून ठेव आणि नुसता बघत बस, हात लावू नकोस. पन्नासेक सेकंदांनी ती प्रोसेस आपली आपण बंद झाली. लॉगमध्ये, म्हणजे प्रोसेस आपल्या कामाच्या नोंदी लिहिते त्या फाइलमध्ये, शेवटी तीन ओळी होत्या. उरलेल्या नोंदी लिहिल्या. तात्पुरती फाइल काढून टाकली. डेटाबेसचं कनेक्शन सोडलं. त्याने त्या ओळींचा फोटो काढून मला पाठवला. तो फोटो मी जपून ठेवलाय. चालू प्रोग्राम थांबवायचा कसा, या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्या तीन ओळींनी ते काम मार्गी लावलं.

ज्यांचा या जगाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सर्व्हरवर काम करताना बहुतेक वेळा माउस, खिडक्या, फुलीचं बटण यातलं काही नसतं. काळा पडदा असतो, लुकलुकणारा कर्सर असतो आणि आपण टाइप केलेली आज्ञा असते. चालू असलेल्या प्रोग्रामला तिथे प्रोसेस म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला एक नंबर असतो, पीआयडी. 'पीएस -ईएफ' लिहिलं की सगळ्यांची हजेरी लागते: कोण चालू आहे, कुणी सुरू केलं, कधीपासून, कुणाच्या पोटी जन्मलं. यादी शेकड्यांत जाते, म्हणून ती 'ग्रेप'ने गाळून घ्यायची. नवीन माणूस हमखास इथे चकतो. त्या गाळलेल्या यादीत त्याचा स्वतःचा ग्रेपही दिसतो, कारण शोधायचा शब्द त्याच्याही ओळीत असतो. तो नेमका त्याचाच नंबर उचलतो, आणि मशीन सांगतं की अशी प्रोसेसच नाही. ग्रेप तोवर आपलं काम करून निघून गेलेला असतो.

नंबर मिळाला की 'किल' लिहून पुढे तो नंबर द्यायचा. शब्द भयंकर आहे, पण ही आज्ञा मुळात कुणाला मारत नाही. ती निरोप पोचवते. निरोपांना सिग्नल म्हणतात आणि प्रत्येकाला नाव आणि क्रमांक आहे. यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून आकाराला येऊ लागली, आणि तिच्या घराण्यात हे निरोप अगदी सुरुवातीच्या काळापासून आहेत. त्याच घराण्यातल्या लिनक्सवर 'किल -एल' लिहिलं की अख्खी यादी समोर येते, त्यातले पहिले एकतीस जुने, नेहमीचे. पहिला क्रमांक 'हँगअप'चा. लोक दूरच्या मशीनला टेलिफोनच्या लाइनवरून जोडलेले असायचे, तेव्हा समोरच्याने फोन ठेवला की त्याच्या चालू प्रोग्रामना हा निरोप जायचा: तुमचा माणूस गेला. आज टेलिफोन नाही, पण लॅपटॉपचं झाकण मिटून सर्व्हरशी असलेलं कनेक्शन तुटलं की तोच निरोप, त्याच जुन्या नावाने जातो. मला हे फार आवडतं. 'फोन ठेवणे' हा शब्द आपणही अजून वापरतोच की, ठेवायला काही उरलं नसताना.

दोन नंबरचा निरोप कंट्रोल-सी दाबलं की जातो. कंट्रोल-झेड दाबलं तर दुसरा जातो, आणि त्याने प्रोसेस संपत नाही, आहे त्या जागी थबकते. कितीतरी मुलं कंट्रोल-झेड दाबून घरी जातात आणि समजतात की बंद केलं. सकाळी बघावं तर दहा प्रोसेस मेमरी धरून तशाच ताटकळत उभ्या.

आपण निरोपाचा क्रमांक लिहिलाच नाही, तर किल पंधरा नंबर पाठवतं. सिगटर्म. हा निरोप प्रोसेसच्या हातात पडतो. हातातलं काम ती पुरं करू शकते, फाइलमध्ये लिहायचं राहिलेलं लिहू शकते, लावलेली कुलपं काढू शकते, आणि मग आपल्या पायांनी बाहेर जाते. दुर्लक्षही करू शकते, तेवढी मुभा तिला आहे. नऊ नंबर, म्हणजे सिगकिल, तिच्यापर्यंत पोचतच नाही. तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, दिलेला हुकूम असतो. कर्नल तिला उचलतो आणि तिची मेमरी मोकळी करतो. तिला आपल्या कोडची एक ओळसुद्धा चालवता येत नाही. नऊ अडवता येत नाही, झेलता येत नाही, ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही. उघड्या फाइल कर्नल मिटतो, पण त्या फाइलींमध्ये तिने अजून न लिहिलेलं, तिच्या मनातच असलेलं जे काही होतं, ते गेलं.

ऑफिसात आम्ही "नाइन मार" म्हणतो. पंधराला मात्र आमच्यात कुणी "मार" म्हणत नाही, "पंधरा दे" म्हणतात. हे कुणी शिकवलेलं नाही, बोलता बोलता झालंय. पंधराला मराठीत एक नेमका शब्द आहे असं मला फार दिवस वाटत आलंय: आवर. आई दारातून हाक मारायची, "आवर गं लवकर", तेव्हा त्यात खेळ थांबव हेही असायचं, पसारा उचल हेही, आणि तयार हो हेही. रडणाऱ्यालाही आपण आवर म्हणतो. थांबणं आणि नीटनेटकं करणं एकाच क्रियापदात मावलंय. कुठल्याही मॅन्युअलमध्ये सिगटर्मचं इतकं अचूक वर्णन मी वाचलेलं नाही.

या शब्दाचा पुरा अर्थ मी दुकानात शिकले. बार्शीला आमचं किराणा दुकान होतं, आजोबांनी सुरू केलेलं, नंतर बाबांनी चालवलेलं. रात्री साडेआठला बाबा शटर अर्धं खाली ओढायचे. अर्ध्या शटरचा अर्थ पेठेत सगळ्यांना ठाऊक होता. आत उभं असलेल्या प्रत्येकाला सगळं सामान मिळणार, घाई होणार नाही. बाहेरून आलेला वाकून आत डोकावला तर त्याला "उद्या सकाळी या" असं सांगितलं जाणार. शेवटचं गिऱ्हाईक वाकून बाहेर पडलं की खरं काम सुरू व्हायचं. तराजूची पारडी पुसून उतरवून ठेवायची. गुळाच्या ढेपेवर ओलं फडकं आवळून बांधायचं. तेलाचं माप डब्यातून काढून उपडं घालायचं. मग गल्ला मोजायचा, कीर्द पुरी करायची आणि शिल्लक जुळवायची. चार आणे जुळले नाहीत तर पुन्हा मोजायचं, जेवण निवलं तरी चालेल. शेवटी देवापुढचा दिवा शांत व्हायचा आणि शटर पूर्ण खाली यायचं.

आणि यातल्या कशालाही आमच्या घरात 'बंद करणं' म्हणायची पद्धत नव्हती. दुकान वाढवलं. दुकान बंद म्हणजे दिवाळं. मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो, फुटलेली बांगडी वाढवतो, देवापुढे नारळ वाढवतो, दिवा शांत करतो. संपण्याच्या प्रत्येक जागी भाषेने असा एक मऊ शब्द टाकून ठेवलाय. लहानपणी मला हा नुसता अपशकुनाचा धाक वाटायचा. आता वाटतं, थांबवण्याच्या कामालाही एक रीत असते हे त्यात सांगून ठेवलेलं आहे.

एन्जिन-एक्स नावाचा एक वेब सर्व्हर आहे, जगातल्या असंख्य वेबसाइट त्याच्यावर चालतात. त्याला पंधरा नंबर दिला तर तो झटपट बंद होतो, पण तीन नंबर, सिगक्विट, दिला की तो अर्धं शटर ओढतो. नवीन कनेक्शन घेणं थांबवतो, आत असलेल्यांचं काम पूर्ण करतो, शेवटचा बाहेर पडला की मग बंद होतो. पहिल्यांदा हे वाचलं त्या संध्याकाळी मी बाबांना फोन करून समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मग यात नवीन काय आहे?"

आता ती रात्र. ३१ मार्च २०१०. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. पुण्यात एका कंपनीत होते, आणि आमच्या एका ग्राहकाचा हिशेबाचा डेटाबेस रात्री सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. वर्षअखेर. व्याज आकारणीचं मोठं काम संध्याकाळी सात वाजता सुरू केलं होतं, ते मध्यरात्रीपर्यंत चालणार होतं. साडेदहाच्या सुमाराला ग्राहकाकडच्या कुणीतरी एक रिपोर्ट लावला आणि तो अडकला. एक सीपीयू पूर्णच्या पूर्ण खात होता, बाकी सगळं मंदावलं. डेटाबेस पोस्टग्रेस होता. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते आणि पीएसच्या यादीत ती युजरच्या नावासकट दिसते. मला रिपोर्टवाली प्रोसेस सापडली. नंबर मी दोनदा ताडून पाहिला. मग किल -९ लिहून तो नंबर टाकला आणि एंटर दाबलं.

नंबर बरोबर होता. रिपोर्टवालीच प्रोसेस गेली. पण पुढच्या क्षणाला लॉगमध्ये ओळींचा धबधबा सुरू झाला. प्रत्येक ओळ सारखी: दुसरी एक सर्व्हर प्रोसेस कोसळल्यामुळे हे कनेक्शन तोडत आहे. तिने सामायिक मेमरी बिघडवली असण्याची शक्यता आहे. एका मागून एक, सगळी कनेक्शनं. त्यात व्याज आकारणीचंही. साडेतीन तासांचं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चाललं होतं, म्हणजे शेवटपर्यंत गेलं तरच सगळं पक्कं, नाहीतर काहीच नाही. ते शून्यावर आलं.

त्या वेळी छातीत जे झालं ते अजून आठवतं. मी आमच्या अण्णांना फोन लावला. टीममधले सगळ्यात ज्येष्ठ, सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. मी काय केलं ते एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता कशाला हात लावू नकोस. तो रिकव्हरी करतोय, करू दे त्याला. मी लाइनवर आहे." चार-पाच मिनिटं आम्ही दोघं फोनवर गप्प होतो. डेटाबेस उभा राहिला. आधी जे पक्कं झालं होतं त्यातलं काही गेलं नव्हतं. अण्णांनी तेव्हा एवढंच विचारलं, "पंधरा दिलास का गं आधी?"

"नाही."

"दोन?"

"नाही हो अण्णा."

"बरं. बॅच पुन्हा लाव. सकाळपर्यंत होईल. उद्या बोलू."

बॅच, म्हणजे ते व्याज आकारणीचं काम, पहाटे पावणेपाचला संपली. दुसऱ्या दिवशी अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी बसले आणि पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढून त्यांनी मला समजावलं. या सगळ्या प्रोसेस एकाच सामायिक मेमरीत काम करतात. एकाच पाटीवर अनेकांनी लिहावं तसं. त्यातला एकजण लिहिता लिहिता नाहीसा झाला, तर त्याने पाटीवर अर्धवट काय करून ठेवलंय हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांची मूळ प्रोसेस, पोस्टमास्टर, धोका पत्करत नाही. ती सगळ्यांना बाहेर काढते, पाटी पुसते आणि नोंदींवरून पुन्हा उभं करते. दोन नंबर दिला असता तर नुसती चालू क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला तो प्रश्न, रद्द झाली असती आणि कनेक्शन राहिलं असतं. पंधरा दिला असता तर तेवढं एक कनेक्शन नीट मिटलं असतं. "पोस्टग्रेसला नऊ द्यायचा नाही," अण्णा म्हणाले, "त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येसुद्धा लिहिलंय, वाच." मी वाचलं. खरंच लिहिलेलं होतं.

"नोंदींवरून म्हणजे?" मी विचारलं होतं. अण्णांनी सांगितलं की पोस्टग्रेस कुठलाही बदल मुख्य डेटाच्या फाइलींत नेण्याआधी एका लॉगमध्ये क्रमाने लिहून ठेवतो. काही काळाने तो एक खूण करतो, तिला चेकपॉइंट म्हणतात: इथवरचं सगळं डेटामध्ये पोचलं. मध्येच कोसळला, तर शेवटच्या खुणेपासून पुढचा लॉग पुन्हा वाचायचा आणि राहिलेलं डेटामध्ये उतरवायचं. अण्णा अजून बोलतच होते आणि मला आमचं दुकान दिसत होतं. ही तर कीर्द. दिवसभर जे घडलं ते घडलं त्या क्रमाने कीर्दीत, आणि मग सवडीने ज्याचं त्याच्या खात्यावर, खतावणीत. बाबा खतवून झालेल्या ओळीपुढे बारीक टिंब द्यायचे. ते टिंब म्हणजे चेकपॉइंट. खतावणीला पाणी लागलं तरी कीर्द शाबूत आहे तोवर व्यापारी घाबरत नाही. आणि जे कीर्दीतही चढलेलं नाही, "नंतर लिहू" म्हणून डोक्यात ठेवलंय, त्याला कुणी वाली नसतो.

ते शेवटचं मला अण्णांच्या कागदाच्याही आधीपासून माहीत होतं. १९९४च्या श्रावणात, मी नऊ वर्षांची असताना, आजोबा दुपारी घरी बसल्या जागी गेले. दुकानात गर्दी होती. शेजारचा माणूस पळत दुकानात आला, बाबा तसेच उठले आणि शटर दुसऱ्याच कुणीतरी ओढलं. थेट खालपर्यंत. तेराव्यानंतर उघडलं तेव्हा मी बाबांबरोबर होते. गुळाच्या ढेपेवरून मुंग्यांची रांग थेट भिंतीपर्यंत गेली होती. तराजूच्या एका पारड्यात कुणासाठी तरी घेतलेले शेंगदाणे तसेच होते, दुसऱ्यात वजन. तराजू तेरा दिवस तसाच तोललेला. आणि कीर्द उघडी, पेन मधोमध. त्या दिवशी सकाळची उधारी लिहिलेली होती, अकरानंतरची नव्हती. पुढचा महिनाभर लोक आपणहून येऊन सांगत राहिले, भाऊ, त्या दिवशीचे माझ्याकडे एवढे राहिलेत. काहीजण आले नसतील. बाबांनी कुणाला विचारलं नाही. त्या पानाचा खालचा अर्धा भाग त्यांनी रिकामा सोडला आणि पुढच्या पानावर नवी तारीख घातली.

म्हणून नऊ नंबर वाईट आहे असं मी कुणाला शिकवत नाही. एखादी प्रोसेस अशा फेऱ्यात अडकते की तिला निरोप ऐकायलाच फुरसत नसते, आणि तिच्यापायी अख्खं मशीन गुदमरतं. कुणीतरी घुसून आपल्या सर्व्हरवर चोरून काहीतरी चालवत असतं, त्याला आवराआवरीची संधी कशाला द्यायची? तिथे नऊच. मशीनची मेमरी संपत आली की लिनक्स स्वतःच हिशेब करून कुणाला तरी नऊ देतो. वीज गेली की सगळ्यांना एकदमच नऊ. तो येणार हे धरूनच प्रोग्राम लिहावा लागतो. ज्याने कीर्द आधी लिहिली, तो नऊ झेलूनही उभा राहतो. पोस्टग्रेस त्या रात्री उभा राहिला तो त्यामुळेच. पण अमुक एक वार झेलता येतो, म्हणून तो उठसूट करावा, हे मला पटत नाही. दुकानदाराला तेराव्यानंतरही हिशेब लावता येतो. म्हणून रोज रात्री कुणी तसं शटर ओढत नाही.

मेलेल्यांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. पीएसच्या यादीत कधीकधी एखाद्या प्रोसेसपुढे 'डिफंक्ट' लिहिलेलं असतं. तिला झॉम्बी म्हणतात. ती केव्हाच संपलेली असते, तिची मेमरी परत गेलेली असते, फक्त नोंद उरलेली असते. कारण प्रत्येक प्रोसेसला एक पालक असतो, आणि मूल संपल्यावर पालकाने येऊन ते कसं संपलं याची नोंद घ्यायची असते. तो आला नाही, तर नाव तसंच राहतं. रेशन कार्डावर वारलेल्या माणसाचं नाव घरचे कमी करून घेईपर्यंत राहतं, तसं. झॉम्बीला नऊ देऊन काही होत नाही. मेलेल्याला काय मारणार? पालकाला जागं करावं लागतं, नाहीतर पालकच संपवावा लागतो. मग ते मूल एक नंबरच्या प्रोसेसकडे दत्तक जातं आणि ती त्याची नोंद मिटवते. अनाथ झालेली चालती-बोलती मुलंही साधारण तिच्याकडेच जातात. मशीनमधली सगळ्यात पहिली प्रोसेस, सगळ्यांची पणजी.

त्या एक नंबरचा विषय निघालाच आहे तर दहा सेकंदांची गोष्ट सांगते, कारण त्यात मी एकही प्रोसेस स्वतःच्या हाताने मारली नव्हती, आणि तरी माझ्या देखत रोज नऊ दिला जात होता.

२०१९ साली मी दुसरीकडे काम करत होते. आमचं सगळं सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये होतं. कंटेनर म्हणजे एका ॲपसाठी मशीनमध्येच केलेली वेगळी खोली, आणि डॉकर म्हणजे अशा खोल्या सांभाळणारा प्रोग्राम. आठवड्यातून दोन-तीनदा नवं व्हर्जन चढवायचं: जुना कंटेनर थांबवायचा, नवा सुरू करायचा. एका दुपारी ते काम करताना मी सहज घड्याळाकडे बघत होते. थांबवण्याची आज्ञा दिली आणि कंटेनर दहा सेकंदांनी थांबला. दुसरा थांबवला. दहा सेकंद. तिसरा, दहा. काम कमी असो की जास्त, रात्र असो की दिवस, बरोबर दहा. खरंच आवरून निघणारा माणूस दर वेळी सारखाच वेळ घेत नाही. डॉकर थांबवताना आधी पंधरा देतो, दहा सेकंद वाट बघतो, आणि मग नऊ. म्हणजे आमचा एकही कंटेनर पंधरा ऐकतच नव्हता. एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस कशी संपली हे सांगणारा आकडा, पाहिला: १३७. सिग्नलने संपलेल्या प्रोसेसचा कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा धरतात. १२८ अधिक ९.

कारण शोधायला दोन दिवस गेले. आमचं ॲप सुरू करणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट होती, म्हणजे एकामागून एक चालवायच्या आज्ञांची फाइल. ती वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल. ती चार सेटिंग मांडायची आणि शेवटच्या ओळीत ॲप सुरू करायची. कंटेनरच्या आत ही स्क्रिप्ट एक नंबरची प्रोसेस व्हायची आणि ॲप तिचं मूल. थांबवण्याचा निरोप जातो तो एक नंबरला. एक नंबरला कर्नल खास वागणूक देतो: जो निरोप घ्यायची तिने स्वतः व्यवस्था केलेली नाही, तो तिच्यावर लागू होत नाही. स्क्रिप्टने तशी काही व्यवस्था केलेली नव्हती, आणि निरोप पुढे मुलाला द्यायचा हेही तिला माहीत नव्हतं. ॲपमध्ये मात्र पंधरासाठी पन्नासेक ओळींचं फार काळजीपूर्वक लिहिलेलं कोड होतं. कुणीतरी कधीकाळी जीव ओतून लिहिलेलं. नवीन विनंत्या थांबवा, चालू असलेल्या पुऱ्या करा, रांगेतलं लिहून टाका. ते कोड दोन वर्षांत एकदाही चाललं नव्हतं. दर वेळी नवं व्हर्जन चढताना दोन-चार लोकांचे अर्ज मध्येच तुटत होते, आणि ती माणसं बहुधा आपल्याच इंटरनेटला दोष देऊन पुन्हा भरत होती.

दुरुस्ती एका शब्दाची होती. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ॲपच्या नावाआधी 'एक्झेक' लिहायचं. मग शेल बाजूला होतो आणि त्याच्या जागी, त्याच नंबरवर, ॲप स्वतः बसतं. शब्द लिहिला, नवा कंटेनर केला, थांबवून पाहिला. पावणेदोन सेकंद. पुन्हा केला. चार. एक्झिट कोड शून्य. त्या पन्नास ओळी ज्याने लिहिल्या त्याचं नाव कोडच्या इतिहासात होतं, पण तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्याला हे कळवायला हवं होतं असं अजून वाटतं.

डॉकर दहा सेकंद थांबतो, ढीगभर कंटेनर सांभाळणारा कुबरनेटिस तीस, लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी मूळ सेटिंगमध्ये नव्वद. हे आकडे माणसांनी ठरवलेले आहेत, कुणीतरी कधीतरी विचार केलाय की आवरायला किती वेळ द्यावा. प्रत्येक ठिकाणी ते बदलताही येतात. माझ्या हाताखाली नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एवढं एकच काम देते: आपलं सॉफ्टवेअर थांबवा, आणि ते थांबताना काय काय करतं ते लिहून आणा. सुरू कसं होतं हे सगळ्यांना पाठ असतं.

गेल्या वर्षी बाबांनी दुकान कायमचं वाढवलं. त्यांना पंचाहत्तरावं लागलं होतं आणि आम्हा बहिणींपैकी कुणी ते चालवणार नव्हतो. पाडव्याला त्यांनी घाऊक व्यापाऱ्याला सांगून टाकलं की आता माल पाठवू नका. त्यानंतर तीन महिने ते रोज दुकान उघडत होते, असेल तेवढं विकत होते. फडताळं हळूहळू रिकामी होत गेली. उधारी वसूल झाली, देणी फिटली. जुनी गिऱ्हाइकं नुसती बसायला यायची. शेवटच्या आठवड्यात मी गेले होते, पोत्यातून वह्या काढून लावायला.

१९९४ची कीर्द सापडली. ते पान बाबांनी लगेच काढलं, शोधावं लागलं नाही. सकाळच्या नोंदी, खाली रिकामी जागा. पण मला इतकी वर्षं माहीत नव्हतं की लिहिलेली शेवटची ओळ अर्धीच आहे. एक नाव, पुढे 'तूरडाळ २ किलो', आणि रकमेच्या रकान्यात काही नाही. पेनची रेघ तिथे जराशी ओघळलेली.

"हे कोण?" मी विचारलं.

"गेले ते. दहाएक वर्षं झाली." ते पानाकडे बघत राहिले. "त्या वेळी तूरडाळीचा भाव काय होता गं?"

मला कुठून माहीत असणार? बाहेर साडेआठ वाजत आले होते, शटर अर्धं खाली होतं. बाबांनी खिशातलं पेन काढलं, रकमेच्या रकान्यात 'पोचले' असं लिहिलं, खाली आजची तारीख घातली, आणि पुढची वही मागितली.